बुधवारी विचारायचं राहिलेलं

३ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्म्याच्या दुकानातून हिची पिशवी आणली. तेवीस दिवस काउंटरखाली तशीच पडून होती. डबा, कंगवा, काचा पुसायचं पिवळं फडकं आणि एक शंभर पानी वही. वहीत इंग्रजी. अक्षर हिचंच.

चष्मेवाले चांगलं बोलले. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवावी तर तुमच्या मिसेसनीच, म्हणाले. मग सहज म्हणाले— मंगळवार-गुरुवारी सहाच्या ठोक्याला निघायच्या, पण काम कधी मागे ठेवलं नाही.

मी मान हलवली. घरी ही मला सांगायची, मंगळवार-गुरुवारी स्टॉक मोजायचा असतो, यायला आठ वाजतील.

४ फेब्रुवारी, शनिवार

वही उघडली. एकच पान लिहिलेलं, पत्रासारखं. काही शब्दांभोवती गोल केलेत. पहिली ओळ मला आली— 'द हाउस इज क्वाएट व्हेन यू आर होम.' तू घरी असतोस तेव्हा घर गप्प असतं.

वही मिटून कपाटात ठेवली. किल्ली लावली. कोणापासून लपवतोय, कळत नाही. घरात मी एकटाच.

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हिच्या सायकलच्या चाकांत हवा भरली. भरून झाल्यावर लक्षात आलं. आता कोण बसणार आहे?

मनात फिरतंय ते लिहूनच टाकतो. त्या बुधवारी निघताना ही म्हणाली, "संध्याकाळी जरा बसू या. एक विचारायचंय. लगेच पेपर तोंडासमोर धरू नका." मी बरं म्हणालो. दुपारी चारला ती दुकानातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. रात्र व्हायच्या आत सगळं संपलं.

सव्वीस वर्षांत तिनं असं आधी बजावून काही विचारलं नव्हतं. जे विचारायचं ते भाजी निवडता निवडता विचारायची, मी हं म्हणायचो. आता ही वही. आता वाटतं— ती विचारणार नव्हतीच. सांगणार होती.

६ फेब्रुवारी, सोमवार

माळ्यावरून शाळेतली डिक्शनरी काढली. रोज एकाच ओळीचा अर्थ लावायचा, जास्त नाही. जास्त झेपणार नाही.

दुसरी ओळ. 'यू टुक मी फॉर ग्रँटेड.' ग्रँट म्हणजे अनुदान. तू मला अनुदानासाठी घेतलंस? काहीच लागत नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

हिचा फोन हॉस्पिटलनं दिला तसा बंद पडून होता. आज चार्जिंगला लावला. उघडायला आकडे मागतो. जन्मतारीख टाकली, लग्नाची टाकली. नाही. सव्वीस वर्षं एका घरात राहून चार आकडे माहीत नाहीत.

साडेसहाला तो वाजला. पडद्यावर नाव— 'मंगळ-गुरू'.

मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला. पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि न पिताच ठेवला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

ओळ चिठ्ठीवर लिहून केंद्रावर नेली. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात इंग्रजी येणारं कोणी असेल तर तो भोंगा, कारण त्याची मुलगी कॉलेजात आहे. पंपाशेजारी बावीस वर्षं उभं राहून त्याचा आवाज असा झालाय की कानात सांगितलेलं टाकीच्या पलीकडे ऐकू जातं. त्याला म्हटलं, कुठंतरी वाचलं, अर्थ काय? त्यानं मोठ्यानं वाचली आणि ओरडला, "साहेब, या वयात ब्रेकअप?"

फिल्टरवरचे दोघं वळून बघायला लागले. मग स्वतःच ओशाळला. हिचं आठवलं असणार. हळू आवाजात (त्याच्या मानानं हळू) म्हणाला, हे तर ते गाणं. आमच्याकडे सकाळी नळ आला की सुरू होतं, नळ गेला तरी चालूच. नवऱ्याला सोडून निघालेल्या बाईचं आहे. मुलीनं अर्थ सांगितलाय— गृहीत धरलंस.

"म्हणजे लोक नळाला धरतात तसं," तो म्हणाला. "पाणी आलं तर कोण नाव काढतं? नाही आलं की तुम्हांला-मला शिव्या."

चारची क्लोरीनची नोंद मी दोनच्या रकान्यात केली. पहिल्यांदाच खाडाखोड झाली.

संध्याकाळी साडेसहाला फोन पुन्हा वाजला. मी बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिलो.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आधी वाटलं, गाणंच आहे, पत्र नाही. सुटलो. तासभर बरं वाटलं.

पण गाणं कोणी हातानं उतरवून काढतं का? आपलंच वाटल्याशिवाय?

१२ फेब्रुवारी, रविवार

न्हाव्याकडे तेच गाणं. परत येताना बसमध्ये तेच. वरच्या मजल्यावरची मुलगी कपडे वाळत घालताना गुणगुणते तेही तेच! इतके दिवस कानावर पडत असणार, मी ऐकलं नव्हतं. आता चाल सुरू झाली की मान आपोआप खाली जाते. सगळ्या गावाला माहीत आहे आणि मलाच नाही, असं वाटतं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

मेहुणीचा फोन. जेवता का, झोपता का, ते सगळं. ठेवता ठेवता म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? शेवटचे काही महिने ताई फार खुशीत असायची. फोनवर हसायची नुसती."

तिला वाटलं, मला बरं वाटेल.

मला विचारायचं होतं, कशामुळं? कोणामुळं? तोंडातून निघालं, हो का.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

भोंग्यानं मुलीकडून गाण्यातल्या इंग्रजी शब्दांची यादी करून आणली. वर 'काकांसाठी' असं लिहिलंय. मी मागितली नव्हती. मला इंग्रजी शिकायची हौस आली असं त्यानं घरी सांगितलंय.

गिव्ह अप— नाद सोडणं. रन आउट— संपून जाणं. (मला क्रिकेटातलंच माहीत होतं.) मूव्ह ऑन— मागं न बघता पुढं जाणं. गेट ओव्हर— एखाद्या माणसाच्या दुःखातून बाहेर येणं.

सगळे पाठ झाले. शेवटचा नुसताच पाठ झाला.

यादी धरून तिसरी आणि चौथी ओळ लावली. 'वाट बघून माझे शब्द संपले. दाराजवळ माझी चप्पल मी उलटी करून ठेवलीय, बाहेर तोंड करून.' ही चप्पल कशी काढायची, खूप आठवून पाहिलं. आठवत नाही. ते आठवत नाही याचीच भीती वाटली.

१८ फेब्रुवारी, शनिवार

काही लावलं नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

साडेसहा. वाजला. मी तिथंच बसलो होतो, समोर फोन ठेवून. उचलला. पुरुषाचा आवाज आला तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. काहीच बोलायचं नाही, ऐकायचं.

बाईचा आवाज. आधी भराभर इंग्रजी, मग मराठीत— "अहो, आहात कुठं? दीड महिना झाला! गाणं संपत आलं आमचं!"

मी म्हणालो, मी त्यांचा नवरा.

मग सांगितलं. ती वारली, हे मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं बोललो. आजवर सगळ्यांना मेहुणीनंच कळवलं होतं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागं कोणीतरी विचारत होतं, बाई, काय झालं?

इंग्रजी बोलायचा क्लास आहे. मंगळवार-गुरुवार, साडेसहा ते साडेसात.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. शिंप्याच्या दुकानावर एक खोली, अकरा खुर्च्या, फळा. फळ्यावर तेच गाणं, काही शब्दांच्या जागी रेघा. बाई एकेका शब्दाभोवती गोल करून घेतात, अर्थ सांगतात, मग सगळ्यांनी म्हणायचं. चाल सगळ्यांना येतेच, म्हणून हे गाणं घेतलं, म्हणाल्या. एक नर्स, एक प्लंबर, एक वॉचमन, दोन आज्या. नवऱ्याला सोडून जायचं गाणं प्लंबर डोळे मिटून म्हणतो.

ही इथं का येत होती, विचारलं. दुकानात इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलं की चष्मेवाल्यांना हाक मारावी लागायची, त्याची तिला लाज वाटायची. घरी का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, "त्या म्हणायच्या, आमचे हे चूक काढत नाहीत. नुसते बघतात. ते जास्त वाईट."

खरं आहे. मी तसा बघतो.

निघताना त्यांनी घडी केलेला कागद दिला. शेवटचा अभ्यास दिला होता— जिला सोडून जायचंय ती बोलून गेली, आता मागं राहिलेल्यानं काय उत्तर द्यावं ते लिहा. "बाकीच्यांनी मनातलं काहीतरी लिहिलं. त्या म्हणाल्या, आमचे हे काही बोलायचे नाहीत, त्यांच्या वतीनं मीच लिहिते. मंगळवारी दाखवायला दिला, तपासायला माझ्याकडेच राहिला. अर्धवट आहे."

म्हणजे तिच्या शेवटच्या मंगळवारी. दुसऱ्या दिवशी बुधवार.

कागद खिशात ठेवला. 

२५ फेब्रुवारी, शनिवार

उघडला नाही. क्लास होता, दुसरं काही नव्हतं, एवढं कळलंय. तेवढ्यावर थांबावं का? माझ्या वतीनं तिनं काय लिहिलं असेल? मी गप्पच असतो, असं लिहिलं असेल. दुसरं काय लिहिण्यासारखं मी तिला दिलंय?

२६ फेब्रुवारी, रविवार

आजही नाही. सायकलला हवा भरली.

१ मार्च, बुधवार

संध्याकाळी पेपर बाजूला ठेवला आणि कागद उघडला. पाच ओळी. डिक्शनरी लागली नाही.

'मला बोलता येत नाही. तू उठायच्या आत मी तुझ्या सायकलीत हवा भरतो. दर रविवारी. तुला कळत नाही, असं मला वाटतं. तू जाऊ नकोस, कारण'

पुढं नुसती रेघ. रेघेखाली पेन्सिलनं, बारीक अक्षरात, मराठीत— 'हे ह्यांनाच विचारायचं. बुधवारी.'