लाईट गेली की येणारी गाडी

वडगाव रासाई

प्रिय रोहनभाऊजी,

माऊलीबरोबर तुमचा अडॅप्टर आणि ती लांब पिवळी वायर पाठवली आहे. पिशवीत वायरीच्या खाली हे पत्र सापडेल. माऊली ह्यांचा चुलतभाऊ असला तरी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो, म्हणून त्याच्याकडे दिलं. फोन करता आला असता. पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आणि तुमचा आवाज कानावर आल्यावर मला हे बोलता आलं नसतं.

पहिली बातमी अशी, की आम्ही दौंडला जातोय. समृद्धीताईंकडे, ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे. त्यांच्या घरावर सोलर आहे, मोठा इन्व्हर्टर आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. तिथं लाईट फारशी जातही नाही. आत्याबाई शेवंतीची तोडणी उरकेपर्यंत इथेच राहतील, मग लेकीकडे येतील. ह्यांचा पलंग आणि श्वासाचं मशीन न्यायला ॲम्ब्युलन्स ठरवली आहे. गावात सगळ्यांनी चांगलं केलंस म्हणून सांगितलं. तुम्हालाही तसंच वाटेल, आणि आम्हाला पोचवायला तुम्ही सुट्टी टाकून याल, हे मला ठाऊक आहे. म्हणून निघायचा दिवस मी लिहीत नाही.

सामान बांधताना मशीनचा जुना मास्क सापडला, आणि गावचा डीपी जळून लाईट गेली होती ती दुपार आठवली. तेव्हा मशीन येऊन थोडेच दिवस झाले होते. सणसवाडीच्या कंपनीत तुमच्याच लाईनवर ह्यांच्या हातातून पाना निसटायला लागला तेव्हा तुम्ही सगळे चेष्टा करायचात, रात्री नीट झोपत जा म्हणून. मग हात गेले, पाय गेले, आणि शेवटी छातीचे स्नायूही दमायला लागले. डॉक्टरांनी मशीन दिलं आणि सांगितलं, हे बंद पडू द्यायचं नाही. इथे वैशाखात जरा वारा सुटला की तारा एकमेकींवर आपटतात, हे त्या डॉक्टरांना काय माहीत. त्या दुपारी इन्व्हर्टरनं मान टाकली, मग मशीनची स्वतःची बॅटरीही संपली. मी हातानं श्वासाचा फुगा दाबत होते. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. आत्याबाई पदरानं वारा घालत होत्या. बोटं वळून गेली तरी थांबता येईना, कारण ह्यांचे डोळे माझ्या हातावरच होते.

तुमचा फोन सहज आलेला होता, मित्राची चौकशी करायला. आत्याबाईंनी घेतला आणि रडायलाच लागल्या. न्हावऱ्याहून तुम्ही कसे आलात कोण जाणे. गाडी अंगणात, पार खिडकीला टेकवून लावलीत, वायर गजांमधून आत सोडलीत, आणि मशीन सुरू झालं. बॅटरीवरच्या गाडीतून करंट बाहेर काढता येतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. आत्याबाई गाडीला हळदकुंकू वाहायला निघाल्या तेव्हा हे मास्कच्या आतून हसले होते. आजारपणात मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

मग तो रिवाजच झाला. लाईट गेली की तुम्ही. तुम्ही मीटरजवळ चेंजओव्हरचा खटका बसवून दिलात, आपला करंट उलटा खांबावर जाऊन वायरमन चिकटायला नको म्हणून. कोणता खटका आधी, कोणता नंतर, ते मला शिकवलंत. आख्खी आळी अंधारात आणि आमच्या घरात पंखा, टीव्ही, फ्रिज सगळं चालू. शेजारचे रखमाजीमामा मोबाईल चार्ज करायला यायचे आणि म्हणायचे, "आमच्या डिझेलच्या गाडीनं कवा घरात उजेड पाडला न्हाई बाबा." तुम्ही दोघं मॅच बघत कंपनीतल्या गप्पा मारायचात. ह्यांचं बोलणं इतर कुणाला नीट कळत नाही, पण तुम्हाला कळायचं. तुम्ही आलात की हे पुन्हा कामावर जाणारे सुदर्शन व्हायचे. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

आता जे लिहायचं ते अवघड आहे.

श्रावणात नदीकाठचे खांब पडले आणि लाईट दोन दिवस आली नाही, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "वहिनी, तुम्ही झोपता कवा?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुम्ही गाडीचं दार उघडलंत, पुढची सीट मागे पाडलीत, एसी लावलात आणि म्हणालात, "मी बसतो त्याच्यापाशी. तुम्ही तासभर पडा. काय लागलं तर हाक मारतो." ह्यांनीही डोळ्यांनी जा म्हणून खुणावलं. मी गेले. ज्या गाडीवर आत माझ्या नवऱ्याचा श्वास चालला होता, त्या गाडीत मी झोपले. इतकी गाढ, की उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंगावर तुमचं जर्किन होतं. आजाऱ्याच्या बायकोला सगळे विचारतात, तो कसा आहे. मी कशी आहे हे ह्या घरात मला कुणी विचारलं नव्हतं. आत्याबाईंचा दोष नाही, त्यांचा मुलगा जातोय डोळ्यांदेखत.

त्यानंतर मी लाईट जायची वाट बघू लागले. हे लिहिलंच पाहिजे. आभाळ भरून आलं की बायका वाळत घातलेलं काढायला पळतात, आणि मी आरशापुढे जायची. तुम्ही कधी एक शब्द वावगा बोलला नाहीत, माझ्या हाताला तुमचा हात लागला नाही. पण तुम्हीही मला काही विचारायचं असलं की आधी खाली बघायला लागलात, आणि लाईट आल्यावर वायर गुंडाळायला उगीचच वेळ लावायला लागलात. ते मला दिसत होतं. पलंगावरून आणखी कुणाला दिसत असेल, हा विचार मी जवळ येऊ दिला नाही. ज्याला मानही वळवता येत नाही, त्याला दिवसभर बघण्यावाचून दुसरं काय काम असतं?

नवरात्रानंतर एकदा असाच वारा सुटला. मी केस विंचरून गजरा माळत होते, शेतातल्याच शेवंतीचा. मागून हे म्हणाले, "आजून गेली न्हाई लाईट." रागानं नाही. जेवायला काय केलंय असं विचारावं, तितक्या साधेपणानं. मी गजरा काढून ठेवला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चांगला दिसतोय." त्या दिवशी लाईट गेली नाही, आणि आमच्यात त्यावर पुन्हा बोलणंही झालं नाही.

दिवाळीआधी तुमच्या आई येऊन गेल्या, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. सोबत चकल्या आणल्या होत्या. विठामावशी ह्यांच्याजवळ बसल्या, डोक्यावरून हात फिरवला, आणि मग ह्यांच्यासमोरच मला म्हणाल्या, "करिश्मा, तूच सांग बाई आमच्या रोहनला. तळेगावची पोरगी चांगली हाय, नर्सिंग शिकलीया, तिच्या घरचे तयार हायत. तुळशीचं लगीन झालं की बार उडवून टाकू. पर त्यो ऐकत न्हाई. माझ्या पोराला काय झालंय कळंना. तुझं ऐकंल." मी हो म्हणाले. मावशींना काही माहीत नव्हतं, की सगळं माहीत असून त्या आल्या होत्या, ते मला अजून ठरवता येत नाही. जाताना त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

त्या गेल्यावर मी मास्क नीट करायला वाकले, तर हे म्हणाले, "काढ जरा." मास्क काढल्यावर त्यांना एकेक शब्द ओढून आणावा लागतो. म्हणाले, "रोहनला... म्हनावं... घाई करू नगं. वरीसभर... थांब." मला कळलं नाही. मी विचारलं, कशासाठी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तवर... मी न्हाई. मग तुमी दोघं... आईलाबी... त्यो सांभाळील." आणि दमून डोळे मिटले. मी मास्क लावला, पट्टे ओढले आणि चुलीपाशी जाऊन बसले. मला रडूसुद्धा आलं नाही.

मी तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं असं वाटेल. पण मला वाटलं, आजारी माणूस आहे, मनात आलं ते बोलून गेला, विसरेल. ते विसरले नाहीत. त्या दिवसापासून ते दिवसा मास्क काढायला लावतात. "नको वाटतो," म्हणतात. पेज दोन चमच्यांवर थांबवतात. छातीतला कफ मशीननं ओढायला गेले की ओठ घट्ट मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले, आजार वाढलाय. आत्याबाई म्हणतात, पोरगं कंटाळलं. मी एकटीच ओळखून आहे. आजार वाढलेला नाही. ते आमची वाट मोकळी करून देतायत. सांगितलेलं वर्षसुद्धा त्यांना आता फार लांब वाटतंय.

भाऊजी, मी दौंडला लाईटसाठी जात नाहीये. तुमची गाडी आमच्या दारात येऊ नये म्हणून जातेय. पण नुसतं जाऊन भागणार नाही, कारण तुम्ही थांबला आहात, हे त्यांना ठाऊक आहे. तुम्ही थांबलेले आहात तोवर ते जगायला तयार होणार नाहीत. म्हणून हे पत्र. तळेगावच्या मुलीला होकार द्या. ती चांगली असेल, तिला चांगलं वागवा, मनात मला ठेवून तिच्याशी संसार करू नका. आणि होकार दिलात की स्वतः ह्यांना फोन करून सांगा. मी फोन त्यांच्या कानाशी धरीन. तुम्ही नेहमीसारखं हसून बोला, चिडवून घ्या, लग्नाला यायला पाहिजेस म्हणा. त्यांना खरं वाटलं पाहिजे, की या घरात त्यांच्या जाण्याची कुणी वाट बघत नाही. त्यानंतर ते किती दिवस राहतील ते कुणी सांगू शकत नाही. पण जेवढे राहतील, तेवढे त्यांनी कुणाच्या आड येतोय असं न वाटता राहावेत, एवढंच मला हवंय. आणि पुढे कधी ते गेल्याचं तुमच्या कानावर आलं, तर माणसांबरोबर या, मित्राला खांदा द्या, आणि माझ्याशी न बोलता परत जा.

पत्र वाचून झालं की चुलीत टाका. फोनची वाट बघते.

सुदर्शनची,
करिश्मा