स्वखुशीने

६ ऑक्टोबर
लॉ कॉलेजचा पहिला दिवस. वय सेहेचाळीस! सात ते दहा लेक्चर, मग संध्याकाळपर्यंत कोर्टासमोर टायपिंगचं टेबल. एकोणीस वर्षं वकिलांचे कागद टाइप केले, आता स्वतः वकील व्हायचंय म्हणे! धाकटा भाऊ मिथुन सहालाच स्कूटर घेऊन दारात— ‘बस ताय. उशीर झाला त वकील कवा व्हशील?’ माहेर दोन गल्ल्यांवर असल्याचं सुख.

९ ऑक्टोबर
दमले.

१४ ऑक्टोबर
शेजारी श्रुती, बावीस वर्षांची. मागच्या बाकावर उदयसिंह मोहिते, निवृत्त हवालदार, बसल्या बसल्या घोरतात. मलाही डुलकी लागली. सरांनी नेमकं मलाच उठवलं— ‘हक्कसोडपत्र म्हणजे काय?’ अख्खा मसुदा तोंडपाठ म्हणून दाखवला! ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय...’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसले तर श्रुती म्हणते, ‘काकी, खरंच स्वखुशीने आहे का, हे टाइप करताना विचारता?’

विचारायचं काय त्यात? मसुदा तयार असतो, नावं बदलायची. राग आला पोरीचा.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. ओवाळून झालं. मिथुनने साडी दिली, वर हक्कसोडपत्रासाठी एक कोरा स्टॅम्प पेपर. बाबांची शेती सरकारी प्रकल्पात गेली, त्याबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आता बिल्डर येतोय. आमच्या धाकट्या बहिणीची, गोजराची, सही तेवढी राहिलीय. माझी सहा वर्षांपूर्वीच झाली— टाइपही मीच केलं होतं. ‘गोजराचा पन तूच कर ताय, घरचा काम हाय.’

आमच्यात बहिणी हिस्सा मागत नाहीत. मागितला की माहेर तुटलं.

२५ ऑक्टोबर
टाइप करायला बसले. ‘स्वखुशीने’पाशी हात थांबले. त्या श्रुतीच्या जिभेला हाड नाही! गोजराला फोन लावला. ‘तुला हिस्सा खरंच नको हाय का गं?’ ती रडायलाच लागली. ‘ताय, मना ह्या आजवर कोनी इचारलाच नाय.’

कागद कोराच परत दिला. ‘तिला हिस्सा पाहिजे,’ म्हटलं. मिथुन उठला. चहाही न घेता गेला.

३ नोव्हेंबर
सुट्टी संपली. सहाला पिशवी घेऊन दारात उभी. मिथुनचा हॉर्न नाही. साडेसहाला चालत निघाले. वाटेत आठवलं— माझा कागद टाइप करताना मीही मला विचारलं नव्हतं.

आज विचारलं. मलाही हवा होता.