दोन आयांची लेक

पार्से, पेडणे
१५ नोव्हेंबर

प्रिय गौरवी,

काल फोनवर मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते मुद्दामच. आज शाळा सुटलीय, पोरं घरी पळालीत, आणि मी वर्गातच बसून लिहितेय. घरी लिहायला घेतलं असतं तर तुझे बाबा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले असते. मी रागात आहे, बाय. पत्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर सोडून मला मेसेज टाकायचा नाही.

आधी तिथल्या कचेरीवरचा राग काढते, तो सोपा आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात तू पोर्तोला उतरलीस. चार महिन्यांचा व्हिसा हातात, राहण्याचं कार्ड तिथं आल्यावर देऊ म्हणाले. झाले चौदा महिने! कार्डाच्या नावाने एक चिठ्ठी, तिच्यावर पुढची तारीख, ती तारीख आली की आणखी पुढची. यंदा गणपतीच्या चवथीला तू येऊ शकली नाहीस, कारण बाहेर पडलीस तर पुन्हा आत घेतील याची खात्री नाही. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना मी तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं, ते शिक्षिकेने कागदावर लिहू नये. अगो, आमच्या पेडण्यात हे पोर्तुगीज पावणेदोनशे वर्षं ठाण मांडून बसले. तेव्हा ते कुणाच्या खिडकीपुढे चिठ्ठी घेऊन उभे होते? आमच्या पणज्यांनी त्यांना विचारलं होतं का, तुमच्या आईचं नाव काय म्हणून?

आणि तुला विचारलं! खिडकीतल्या त्या बाईने तुझा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. दाखल्यात आई सुलोचना, पासपोर्टात आई देवकी. म्हणाली, तुला आया किती? चार डिसेंबरपर्यंत खुलासा आण, नाहीतर अर्ज रद्द. म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास सव्वा वर्षावर टाकून परत ये. तू रडत रडत फोन केलास तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण खरं सांगू? त्या बाईचं चुकलं नव्हतं. चूक आपल्या घरची होती, आणि ती पंचवीस वर्षं माझ्या अंगावर होती.

तुला हे कधी नीट सांगितलं नाही. मी डिचोलीची देवकी. शाळेच्या दाखल्यावर देवकी, डीएडच्या सर्टिफिकेटवर देवकी, आजही मस्टरवर सही करते ती देवकी. पार्सेला लग्न होऊन आले, तेव्हा तुझ्या मोठ्या आत्याचं नावही देवकी निघालं. एका घरात दोन देवकी कशा चालणार! तुझ्या आजीने, चंद्रावतीबाईंनी, ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या बाबांच्या हातात अंगठी दिली. त्यांनी तांदळावर ‘सुलोचना’ लिहिलं. सगळ्या बायका हसल्या, मला उखाण्यात तेच नाव घ्यायला लावलं. मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात शिजला आणि तो मीच वाढला. आत्या पुढच्याच वर्षी लग्न होऊन सावंतवाडीला गेली, तिचं नाव तिकडे सासरच्यांनी बदललं. मग घरात एकही देवकी उरली नाही, तरी माझं नाव मला परत मिळालं नाही. तू झालीस तेव्हा नोंद करायला तुझे जयरामआजोबा गेले. त्यांना सुनेचं दुसरं नाव ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे. पासपोर्टचा अर्ज मात्र तू माझ्या आधारकार्डावरून भरलास. झाल्या तुला दोन आया!

पेडण्याच्या जन्मनोंदणी कचेरीत गेले. तिथला कारकून, गौरेश, एकेकाळी माझ्याकडेच दुसरीत होता. बाई बाई करत त्याने खुर्ची दिली आणि सल्ला असा दिला की माझंच डोकं फिरलं. म्हणे, बाई, सोपं आहे, तुम्हीच सुलोचना व्हा. प्रतिज्ञापत्र करा, शाळेत नाव बदला, आधार बदला, पासपोर्ट मग आपोआप होईल. आपोआप! पंचवीस वर्षं मी ज्या नावाने पोरांना पाढे शिकवले ते नाव पुसायचं, आणि तांदळावरचं ठेवायचं. मी त्याला म्हटलं, गौरेश, तू दुसरीतही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचास. पण तुझे बाबा घरी म्हणाले, एवढं काय त्यात, पोरीचं वर्ष वाचतंय ना. आणि तूही मेसेजमध्ये लिहिलंस, आई, प्लीज, जे लवकर होईल ते कर. आणि कर्माची कथा, मी जवळजवळ तयारही झाले होते. मग शुक्रवार आला. शुक्रवारचं शेवटी सांगते.

सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि बाबांना म्हटलं, स्कूटर काढा, डिचोलीला जायचंय. सुचायला उशीर झाला याची मला लाज वाटते. आपल्या गोव्यात भटजीच्या आधी सरकार लग्न लावतं. अक्षतांच्या कितीतरी आधी आम्ही दोघं तिथल्या नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करून आलो होतो. पण आपल्या माणसांना ती नुसती सही वाटते, खरं लग्न म्हणजे मांडव आणि ते तांदळाचं ताट. त्यामुळे पंचवीस वर्षांत त्या वहीची आठवण कुणालाही झाली नाही, मलासुद्धा नाही. कपाटातून वही निघाली. पान सापडलं. त्यावर देवकी, माझ्या बावीस वर्षांच्या हाताची शाळकरी वळणाची सही, आणि तिच्याखाली तुझ्या बाबांची, ऐटबाज, शेपटी काढलेली. अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, पत्नीचं नाव? बाबांनी माझ्याकडे बघितलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि म्हणाले, देवकी. लग्नानंतर पहिल्यांदा. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

त्या पानाच्या नकलेवर पेडण्याला दाखला दुरुस्त झाला. गौरेशने चार दिवस पाठपुरावा केला, त्याचं श्रेय त्याला देते. परदेशात कागद चालायला लागणारे पणजीचे शिक्के काल पडले. दुरुस्त दाखला आणि लग्नाच्या नोंदीची नक्कल या पार्सलात आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत. खाली गुळाचं खाजं आहे, भगवतीच्या जत्रेतल्या त्याच बाईकडचं. राग आला म्हणून कमी घातलेलं नाही.

आता शुक्रवार. बाजाराला निघाले होते, पिशवी घ्यायला स्कूटरची डिकी उघडली. आत म्हापशाच्या कुणा व्हिसावाल्या एजंटने तुझ्या नावाने तयार केलेला कागद. मी वर्गात मोठ्याने वाचते तसा उभ्या उभ्या वाचला. की माझी जन्मदाती आई सुलोचना ही मी लहान असताना वारली, आणि देवकी ही माझ्या वडिलांची दुसरी पत्नी. दोन्ही कागद खरे, काम फत्ते! खाली बाबांच्या सहीची जागा कोरी होती. ते म्हणाले, हात होईना, म्हणून तीन दिवस डिकीतच ठेवला. पण तुझी सही होती, गौरवी. निळ्या शाईची, स्कॅन करून पाठवलेली. तुझ्या सहीतला ‘ग’ मी गिरवून घेतलाय, पाटीवर, मांडीवर बसवून. मला ठाऊक आहे तू घाबरली होतीस, एजंटने सांगितलं, सगळे असंच करतात म्हणाला असेल. तरी तू मला मारलंस गो, आणि मला कळवलंही नाहीस. मी तो कागद चुलीत घातला. त्याची दुसरी प्रत तुझ्याकडे असेल, ती आजच्या आज फाड. आणि चार डिसेंबरला त्या बाईने पुन्हा विचारलं, तुला आया किती, तर मान वर करून सांग, एकच आहे, पार्सेच्या शाळेत शिकवते, आणि हा दाखला तिनेच पाठवलाय. कार्ड मिळालं की मला फोन कर. तेव्हा मी नीट बोलेन.

तुझीच, अजून जिवंत असलेली आई,
देवकी