हौदातलं हिरवं

४ मार्च
लिही, सुधारानी. तुझी आज्जी जगदेवी आज राजेश्वरहून कडगंचीला सुखरूप पोचली. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, हेही लिही. नर्स नागरत्नाबाईंनी पोरीला ही वही दिलीय, रोज काय खाल्लं अन् कसं वाटलं ते लिहायला. पोरीला सुचत न्हाई, म्हणून मी सांगायलेय, ती लिहायलीय. मला अक्षर येत न्हाई, पण तोंड चालतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. हिला सातवा लागला तरी ही घर सोडंना, म्हणून माहेरच पिशवी घेऊन इथं आलं. घर शेतात आहे, मोकळं, वाऱ्याचं. नातजावई शरणबसव तुरीचा व्यापार सोडून आता शेवाळ पिकवतो. घरामागं ताडपत्रीचा हौद, बैलगाडी मावेल एवढा, काठोकाठ हिरवा. धोतराच्या फडक्यातून गाळायचं, वाळवायचं, भुकटी करून पुड्या बांधायच्या. ताकद येते म्हणे. मी म्हटलं, आमच्या म्हशी डबक्यात हेच खातात, पण त्यांनी कधी पुड्या बांधल्या न्हाईत. जावई हसला. हसतो चांगला.

६ मार्च
पोरगी भुकटी खात न्हाई, ओलं खाते. फडक्यातून पिळलेला गोळा, शेणासारखा मऊ, चमच्यानं. वास कुजलेल्या गोणपाटाचा. खाऊन झाल्यावर जीभ बाहेर काढून मला दाखवते, पोपटाच्या पाठीसारखी हिरवी. मी तोंड फिरवलं. लाजू नको, लिही. भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

९ मार्च
नागरत्नाबाई आल्या होत्या. बाई चांगली, पण बोलणं फार. उघड्या हौदात दुसरं विषारी शेवाळ मिसळतं, नजरेला ओळखू येत न्हाई, लिव्हरला धरतं, असं म्हणाल्या. या हौदाची तपासणी कुणी केलेली न्हाई, अन् पोटुशीला हे चालतं असं खात्रीनं कुणी सांगत न्हाई, तवा अजिबात खाऊ नको. मग विचारलं, खातीस काय. पोरीनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, न्हाई बाई, भाकरी, तुरीचं वरण अन् शेपूची भाजी खाते.

कामून खोटं बोललीस, असं पोरगी आता लिहिता लिहिता विचारायली. अगं, डोहाळे मोडू नयेत. माझ्या एका सुनेनं चुलीची माती खाल्ली, दुसरीनं राख. मीच आणून दिली. दोघींची लेकरं धडधाकट आहेत.

१३ मार्च
पोरीचे तळहात खाजतात. खाजवून लाल केलेत. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं झालंय.

सकाळी उलटी झाली. घमेल्यात हिरवे धागे, चिकट, केसांसारखे. राखेनं तीनदा घासलं. दुपारी बघितलं तर घमेल्याच्या काठाला परत धरलेले. मला जेवण गेलं न्हाई.

हौदाकडं जाऊ नको म्हटलं तर रडली. मग गाळायचं फडकं चाटायला लागली, वाळलेलं, माशा बसलेलं. मला बघवलं न्हाई. एक चमचा मीच भरवला. हे लिही. मीच भरवला.

१६ मार्च
जावयाला सगळं सांगितलं. त्याचं हसणं गेलं. बाटलीत हौदाचं पाणी भरून तपासायला कलबुर्गीला गेला. जाताना हौद झाकून ठेवा म्हणाला. मी वर ताडपत्री ओढली, कडेनं धोंडे ठेवले.

दुपारी धोंडे बाजूला. पोरगी गुडघ्यावर बसून, पोट काठाला टेकवून, तोंड पाण्यात घालून पिते. जनावरासारखी. ओढून मागं आणली. तिच्या ओठापासून पाण्यापर्यंत एक हिरवी लाळ लोंबत होती. ताणली, पण तुटली न्हाई. मी हातानं तोडली. हाताचा वास अजून जात न्हाई—

१८ मार्च, सकाळ
जावई आला न्हाई. पोरगी नीट झोपली न्हाई. दातांच्या फटीत हिरवं. नखांखाली हिरवं. आज पिठलं केलं, दोघींनी खाल्लं. बरं वाटलं. दुसरं काय सांगू—

१८ मार्च, दुपार
बाळ हालत न्हाई.

पोटाला कान लावला. लाथ न्हाई, ठोका न्हाई. आत बुडबुडे— हौदात येतात तसे, एकामागं एक—

मला फोन लावता येत न्हाई. पोरीला म्हटलं, नागरत्नाबाईंना सांग. तिनं फोन कानाला लावला, बोलली. गाडी निघाली म्हणे. तवर वही पुरी कर, सुधा, डॉक्टरीणबाई वाचतील. नऊ तारखेला मी खोटं बोलले. पोरगी रोज खाते, तीन महिने झाले. बंद केलं तवा मीच भरवलं. दोष माझा. लेकराला वाचवा, असं लिही—

पानावर थेंब पडला. तिच्या नाकातून. हिरवा. पुसला तर पसरला—

पुरे, सुधा. पेन ठेव. मी आता काही सांगत न्हाई. ठेव म्हणते ना—

आज्जी गप्प बसली.

माझा हात चालूच आहे. काय लिहितेस म्हणून विचारायली. तुझंच लिहितेय, असं सांगितलं. मान हलवली.

फोन बंद होता. बंद फोनातच बोलले. नागरत्नाबाईंना कुणी काही सांगितलेलं न्हाई. गाडी येणार न्हाई.

पोटातल्याला डॉक्टर नको. याला पाणी पायजे. ऊन आहे तवर हौदात उतरायचंय, दोघांना.

सकाळच्या पिठल्यात मी दोन चमचे हिरवं कालवलं होतं. आज्जीनं ताट पुसून खाल्लं. आता ती उठली. दाराकडं न्हाई, मागं चालली. धोंडे काढायली. जीभ ओठावरून फिरवायली, अन् ती हिरवी—