पाठीवरचा कॅन

काष्टी, रविवार, दिवेलागणीला

केस अजून ओले आहेत. त्या कॅनचं हसू येतंय, पण दादाचा चेहरा आठवला की हसवत नाही.

अणुचाचण्यांच्या विरोधात निघणाऱ्या शिडाच्या बोटीवर मला घेतलंय, स्वयंपाकाला. चाचणीच्या हद्दीपाशी जायचं आणि शांतपणे थांबायचं. अट एकच, पोहता आलं पाहिजे. म्हणून माहेरी आले आणि या पन्नाशीत दादानं माझ्या पाठीला गोडेतेलाचा रिकामा कॅन बांधून मला विहिरीत उतरवलं. शिकवतो जीव लावून, पण माझं जाणं त्याला पटत नाही. आजही काठावरून ओरडत होता, "बॉम्ब हाय म्हणून तर कुनी आपल्या वाटंला जात न्हाई! देशाच्या पाठीचा कॅनच हाय त्यो. सोडला की बुडालो!"

माझ्या नाकातोंडात पाणी. आणि खरं सांगायचं तर कॅनशिवाय मलाही भीती वाटतेच.

आज मात्र छान पोहले. पायऱ्या चढायला लागले तर पाठीवर हे ओझं! दादानं कॅन सोडून उपडा केला. भडाभडा पाणी. बूच कधीच निघून पडलं होतं. मग मी तरंगत होते कशावर? कालसुद्धा तो भरलेलाच होता का?

दादा रिकामा कॅन उलटासुलटा करून बघत राहिला. आत्ता चहा घेताना, बशीत बघतच म्हणाला, "उद्या कॅन ऱ्हाऊ दे. बोट कधी सुटती तुमची?"