चव्वेचाळीस पौंडांचं विमान

भातकुली,
पोळ्याची कर, ऑगस्ट १९४९

तीर्थरूप उत्तमकाका यांच्या पायांशी शकुनचा नमस्कार.

मायनं मला एक प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. बी.एस्सी. झाले तरी येत नाही. ती म्हणाली, "शकुन, विमानात तू आज बसशीन अन् उद्या विलायतेत उतरशीन. मंग तू गेली कवा?" मी तिला तास सांगितले, मैल सांगितले, कागदावर रेघ काढून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते समजलं वं. पण गेली कवा?" तुमची सारी उमर माल इथून तिथे पाठवण्यात गेली. तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवावं.

इकडे सर्व ठीक. पाऊस बरा आहे. झेंडू गुडघ्याएवढा झाला, गणपतीला थोडाच निघेल, दसऱ्याला मात्र टोपल्या पुरणार नाहीत. बाबांचा गुडघा अजून दुखतो. काल पोळ्याला सर्ज्याच्या शिंगांना तुम्ही पाठवलेला हिंगूळ लावला. काकूंना लिंबाचं लोणचं पाठवायचं राहिलं आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. मला तुमचा फार राग आला आहे. वडील माणसाला असं लिहू नये हे मला ठाऊक आहे. पण राग पोटात ठेवून वर नमस्कार लिहिला तर तो नमस्कार खोटा होतो, आणि खोटं लिहायला तुम्ही मला शाळेत घातलं नव्हतं. बाबा नाही म्हणत होते तेव्हा तुम्हीच अकोल्याहून आलात आणि ओट्यावर बसून म्हणालात, "दादा, पोरगी शिकते तं शिकू दे. तुह्या वांग्याइले काही फरक पडत नाही." म्हणून राग जास्त आहे.

तुम्ही कळवलं की अकोल्यात समाजाच्या वतीनं माझा सत्कार आहे, घरगुतीच आहे, दादा-वहिनींना पेरणी-निंदणीच्या दिवसांत उगाच त्रास नको. मी एकटी आले. तुमच्या माजघरात पाटावर बसवलं. लॉरीवाल्या केशवरावांच्या दुर्गाबाईंनी कुंकू लावलं, पदरात नारळ आणि खण घातला, जिभेवर साखर ठेवली. नारळाखाली एक पाकीट होतं. त्यात विमानाचं तिकीट होतं. मला वाटलं, समाजाची पहिली बी.एस्सी. मुलगी विलायतेला चालली म्हणून ही ओटी. चातुर्मासात कोणी सोयरिकीचं कुंकू लावत नाही, म्हणून शंका आली नाही.

घरी आल्यावर मायनं नारळ पाहिला. "साखर कोणं घातली?" म्हणाली. मी सांगितलं, दुर्गाबाईंनी, त्यांच्या देवीदासच्या आईनं. "पाच सवाष्णी होत्या काय?" होत्या. माय खाली बसली. म्हणाली, "मंग तुले देऊन टाकलं तुह्या काकानं."

बाबा मोठे, तुम्ही लहान. त्यांची मुलगी तुम्ही त्यांच्या पाठीमागे दिली. बाबांनी दुसऱ्या दिवशीचा निशिगंधाचा माल तुमच्याकडे नेहमीसारखाच पाठवला, आणि टोपलीवर ओलं गोणपाट घालताना मला म्हणाले, "फुलाइचा काय दोष?"

त्या दुपारी तुमच्याकडे जे बोलणं झालं ते मी रोज आठवते. बोट की विमान, एवढाच विषय होता, म्हणून मीही ऐकत बसले. केशवराव म्हणाले, "बोटीत वीस दिवस. ओकून ओकून पोरगी अर्धी होईन." काकू म्हणाल्या, "वीस दिवस लुगडं कुठं वाळू घालन ते?" तुम्ही म्हणालात, "अन् खाईन काय? तिथं काय भाकर भेटते?" मग केशवराव म्हणाले, "विमानात दीड दिवस. इकडं डोया लागला, तिकडं उघडला." आणि तुम्ही हसून म्हणालात, "आमचा झेंडू हाय हा. रेल्वेनंच गेला पायजे. बंडीनं गेला तं सुकून जाईन."

सगळे हसले. मीसुद्धा हसले.

काका, मी झेंडू कशी? वीस दिवस परक्या लोकांत राहिले तर माझं काय सुकतं? चार वर्षं अमरावतीला वसतिगृहात परक्याच लोकांत होते. तेव्हा तुम्ही गावभर सांगत होता की आमची शकुन एकटी राहते, कोणाला भीत नाही. कुंकू लागलं आणि एका दुपारीत मी नासका माल झाले.

मी मातीचं विचारलं तेव्हा काय झालं तेही लिहिते, कारण तुम्ही विसरला असाल. इथल्या विहिरींचं पाणी का खारट होत जातं, ओलितानं जमीन पांढरी का पडते, हे शिकायला मी जाते आहे. तिथल्या प्राध्यापकांनी लिहिलं आहे की तुमच्या शेतातली माती फूट-फूट खोलीवरून काढून आणा. बाबांनी आणि मी वैशाखात दोन ठिकाणी सहा सहा फूट खणून बारा थैल्या भरल्या. विमानात माणसामागे सामान चव्वेचाळीस पौंड, असं त्या तिकिटासोबतच्या कागदावर छापलं आहे. मी ते वाचून दाखवलं. केशवराव म्हणाले, "माती पाहाले विलायतेले? अथी काय माती कमी हाय?" आणि तुम्ही म्हणालात, "फेकून दे वं. तिथं गेल्यावर सांगजो, आमची माती काळी असते म्हणा."

मग तुमच्या पुढच्या पत्रात माझ्या शिक्षणाच्या दोन वर्षांचे सहा महिने झाले. विमानानं जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, तर दोन वर्षं कशाला, होळीला परत ये, वैशाखात लग्न. विलायतेतून आलेली सून म्हणून लॉरीवर नाव रंगवू. वेळ माझा वाचत होता आणि वाटून तुम्ही दोघे घेत होता. बोटीनं गेले तर दोन वर्षं, विमानानं गेले तर सहा महिने, हा हिशेब कुठल्या शाळेतला?

इथवर लिहून मी पत्र ठेवलं होतं. आता पुढचं लिहिते, कारण त्याच्याशिवाय वरचं सगळं अर्धंच आहे.

शंका आली नाही असं मी वर लिहिलं. ते खरं नाही. दुर्गाबाईंनी साखर जिभेवर ठेवली तेव्हाच मला समजलं. शेजारच्या गंगूबाईच्या मुलीचं कुंकू झालं तेव्हा त्या पाचजणींच्या शेजारीच मी बसले होते. तुमच्या माजघरात तोंड उघडून "हे काय चाललं आहे" एवढं विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण पाकीट हाताला लागलं होतं. लढाईच्या वर्षांत आपल्या मळ्यावरून विमानं जात, तेव्हा मी काम टाकून बांधावरून धावत असे, तुम्हाला आठवत असेल. मला ढग वरून पाहायचे होते. आणि बोटीची भीतीही वाटत होती. पूर्णेच्या पुरापेक्षा मोठं पाणी मी पाहिलेलं नाही. म्हणून साखर गिळली आणि पंधरा दिवस गप्प राहिले. तेव्हा माझ्या रागातला अर्धा माझ्यावर आहे. पण उरलेला अर्धा तुमचाच आहे आणि तो मी माझ्या नावावर घेणार नाही.

त्या पंधरा दिवसांत बारा थैल्या उंबऱ्याशी होत्या. येताजाता पायाला लागत. एक दिवस बाबांनी वांग्याच्या तराजूत त्या तोलल्या. दीड मण भरल्या, म्हणजे सव्वाशे पौंडांच्या आसपास. बाबा म्हणाले, "उत्तम काय म्हणते? माल कशानं जाईन हे मालानं सांगा लागते, मालकानं नाही." मी लहानपणी तुमच्या अडतीवर पोत्यावर बसून हे तुमच्याच तोंडून ऐकलं आहे. मालानं सांगितलं, काका.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी पहाटेच बंडी जुंपली. कांदा भरतात तसा पेटीत कडबा घालून थैल्या रचल्या. बडनेऱ्याला पेटी बोटीच्या कचेरीच्या नावानं पार्सलात दिली. बाबा बंडी घेऊन परतले आणि मी पॅसेंजरनं अकोल्याला आले.

होय, मी अकोल्यात आले होते. केशवरावांकडे गेले. नारळ, खण, पाकीट दुर्गाबाईंसमोर ठेवलं. आईवडिलांना न विचारता घेतलं होतं, ते परत करते, म्हटलं. केशवरावांनी एवढंच विचारलं, "उत्तमराव कुठं हाय?" दुर्गाबाई म्हणाल्या, "नारळ देशीन परत. साखर कशी देशीन?" मी म्हटलं, "साखर मी खाल्ली, ती चूक माझी. ती माझ्यापाशीच राहू द्या." मी निघाले तेव्हा देवीदास दाराशी होते. हळूच म्हणाले, "मलेबी कोणं इचारलं नोतं." त्या घरात तेवढं एकच वाक्य मला सरळ वाटलं.

तुमचं घर तिथून दोन गल्ल्या. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी वळून स्टेशनवर गेले. संध्याकाळच्या गाडीत तुमच्या अडतीवरच्या रिकाम्या टोपल्या परत येत होत्या, बाबांची लाल खूण असलेल्या. त्यांच्याचसोबत मी घरी आले.

बोट दहा सप्टेंबरची. माझ्या शिष्यवृत्तीत बोटीची जागा पहिल्यापासून होती, ती कायम करावी म्हणून बडनेऱ्याहूनच तार केली. मायला वीस दिवसांचं सांगितलं तर तिचा चेहरा जरा उजळला. म्हणाली, "मंग रोज थोडी थोडी जाशीन. ते बरं हाय." मुंबईची मेल आठ तारखेला अकोल्यावर थांबेल. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर मी पाया पडेन, आणि राग तसाच राहील.

पेटीवर बाबांनी तुमच्या टोपल्यांवर करतात तीच लाल खूण केली आहे. ती परवा दुपारी अकोल्यावरूनच पुढे गेली.

तुम्हीच शाळेत घातलेली,
शकुन सहदेव