पाणथळीतली वाट

खर्डी, मार्गशीर्ष, २००६

नाना,

तुम्ही चार महिने माझ्याशी बोलला नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. पाणथळीतल्या लाकडी वाटेच्या टोकाला तुम्हाला देऊळ हवं होतं आणि वाटेचा नकाशा काढताना मी ते घेतलं नाही. कारण कधी सांगितलं नाही. चौथरा म्हटला की पायऱ्या आल्या, आणि पायऱ्यांपाशी गोदीआत्या थांबते. गावातल्या देवळात तिची चाकांची खुर्ची कधी वर गेली नाही. तुमच्या बहिणीपर्यंत प्रसाद तेवढा पोचला.

काल वाट खुली झाली. चढ इतका हलका ठेवलाय की आत्याने स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत टोक गाठलं. पाण्यावरून धुकं उठत होतं आणि पाण्यात पडलेले ढग आमच्या पायांखालून चालले होते. कठड्यातून हात घालून ती लव्हाळ्यांवर बोटं फिरवत राहिली.

मी विचारलं, "आत्या, इथं देऊळ पायजे होतं का?"

"कुटं बसवशील गो देवाला?" ती म्हणाली. "रिकामी जागा हाय कुटं? सगळीकडं तोच भरलाय."

मग हळूच म्हणाली, "नानाला आण. त्याच्यानं पण आता देवळाच्या पायऱ्या चढवत नाय. लाजंनं बोलत नाय तो."

मला हे माहीत नव्हतं, नाना.

हे पत्र मी पाठवणार नाही. सकाळी स्वतःच न्यायला येते. बोलला नाहीत तरी चालेल, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवा.

तुमची,
रंजना